अचूक डीसी व्होल्टेज मोजायचंय? मग टेस्ट लीड अशी निवडा

कोल्हापुरात उद्यमनगरात म्हणा, शिरोलीत म्हणा नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत म्हणा, मीटर साडेसहा डिजिटचा, म्हणजे अगदी बारीक फरक दाखवणारा असतो आणि लीड, म्हणजे मीटरपासून मोजायच्या जागेपर्यंतची वायर, मात्र ड्रॉवरमध्ये हाताला लागेल ती. मग शेवटचे दोन आकडे नाचायला लागले की दोष मीटरला. म्हणून लीड कशी निवडायची ते नीट लिहितोय.

आधी ठरवा, तुम्हाला मोजायचंय काय? बॅटरी १२.६ आहे की १२.४, पॉवर सप्लाय ५ व्होल्ट देतोय का, एवढंच बघायचं असेल तर हातातल्या साध्या मीटरला त्याच्यासोबत आलेली लीड पुरते, उगाच पैसे घालवू नका. पण वजनकाट्याचं काम घ्या. लोड सेल, म्हणजे वजनाचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा सेन्सर, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल आणि त्याला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनाला आउटपुट येतो फक्त २० मिलिव्होल्ट. त्याचे १०,००० भाग केले की एक भाग झाला २ मायक्रोव्होल्टचा. फौंड्रीतला के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर बघा, त्याचं एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. इथं लीड स्वतःच व्होल्टेज तयार करायला लागते आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

कसं ते बघा. दोन वेगळे धातू जोडले आणि सर्किटमधल्या अशा जोडांच्या तापमानात फरक असला की तिथं थोडं व्होल्टेज तयार होतं, म्हणजे थर्मोकपलचंच तत्त्व, फक्त नको तिथं. तांब्याला तांबं जोडलं आणि दोन्ही स्वच्छ असले तर एका डिग्रीला ०.३ मायक्रोव्होल्टच्याही आत. तांबं आणि सोनं साधारण तेवढंच. तांबं-पितळ ३ च्या आसपास, तांबं-ॲल्युमिनियम ५, तांबं-निकेल जवळपास २०. आणि काळं पडलेलं तांबं सगळ्यात वाईट, तांबं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड यांच्यात एका डिग्रीला १,००० मायक्रोव्होल्टपर्यंत जातं! आता वरच्या लोड सेलचा हिशेब लावा. बाजारातले चकचकीत प्लग आणि क्रोकोडाइल क्लिपा बहुतेक निकेल चढवलेल्या असतात, तसल्या दोन टोकांत एका डिग्रीचा फरक पडला तरी काटा पाच-दहा भाग इकडचा तिकडे होऊ शकतो.

मग लीड घेताना काय बघायचं तर पहिलं म्हणजे प्लग आणि टोक कशाचं आहे ते. शुद्ध तांब्याचा किंवा टेल्युरियम कॉपरवर (थोडं टेल्युरियम मिसळलेल्या तांब्यावर) थेट सोन्याचा मुलामा दिलेला प्लग सगळ्यात चांगला, पण नुसतं पिवळं दिसतंय म्हणून भुलू नका, खाली पितळ आणि मध्ये निकेलचा थर असं खूप ठिकाणी असतं. मीटरला किंवा सोर्सला, म्हणजे ज्याचं व्होल्टेज मोजायचं त्याला, बाइंडिंग पोस्ट (फिरवून आवळायचं टर्मिनल) असेल तर तांब्याचा स्पेड लग (वायरच्या टोकाला लावायचा दुबेळक्या आकाराचा तुकडा) नाहीतर सरळ सोललेली तांब्याची तार आवळा, त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं नाही. जोड शक्यतो क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, कारण सोल्डरचाही एक वेगळा धातू मध्ये येतो.

वायरचं म्हणाल तर नेटवर्क केबलमधली एक जोडी काढून झकास लीड बनते, आधीच पिळलेली असते त्यामुळं ५० हर्ट्झचा गोंधळ कमी पकडते. पण स्वस्तातल्या केबलमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वर नुसतं तांबं असतं. ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की ती बाजूला ठेवा. वायर लई जाड घ्यायची गरज नाही, मीटरचा इनपुट, म्हणजे त्याचा आतला रेझिस्टन्स, १० मेगओहमचा धरला आणि दोन्ही लीड मिळून ०.२ ओहम असल्या तरी १० व्होल्टला चूक होते ०.२ मायक्रोव्होल्ट. मात्र ज्या वायरीतून लोडचा करंट जातोय त्याच वायरीवर मोजू नका, ०.१ ओहममधून १०० मिलिअँपिअर गेले की १० मिलिव्होल्ट तिथंच गेले. मोजायची जोडी वेगळी आणि थेट टर्मिनलवर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात इन्सुलेशनकडं पण बघावं लागतं. सोर्सचा आतला रेझिस्टन्स १ मेगओहमचा असेल आणि ओलसर, हाताचा घाम लागलेल्या लीडमधून १ गिगओहमची गळती झाली तर रीडिंग ०.१ टक्का कमी येतं, म्हणजे १० व्होल्टला १० मिलिव्होल्ट. अशा कामाला टेफ्लॉनची वायर घ्या, आणि प्लगभोवतीचा फ्लक्स, बोटांचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आणि हो, मीटरच १० मेगओहमचा असेल तर इथं लीड बदलून काहीच होणार नाही, ९ टक्के चूक मीटरच करतोय. बेंच मीटरमध्ये १० व्होल्टपर्यंतच्या रेंजला १० गिगओहमच्या वरचा इनपुट निवडता येतो का ते आधी बघा.

आता आणलेली लीड तपासायची. मीटर तासभर तापू द्या, १०० मिलिव्होल्ट रेंज लावा, लीडची टोकं स्वच्छ तांब्याच्या तारेनं एकत्र गुंडाळा आणि पंखा बंद करून आकडा स्थिर होऊ द्या. मग फक्त एक प्लग दोन बोटांत धरा, मोजून अर्धा मिनिट. निकेलच्या प्लगवर आकडा कित्येक मायक्रोव्होल्ट सरकतो आणि सोडल्यावर हळूहळू परत येतो, चांगल्या तांब्याच्या लीडवर अगदी किंचित हलतो. दुकानातल्या कुठल्याही लेबलपेक्षा ही परीक्षा खरी, माझा तरी यावर पूर्ण भरवसा आहे.

मोजताना जोडणी झाल्यावर चार-पाच मिनिटं हात लावू नका, जोडांवर कापड किंवा पुठ्ठ्याचा खोका ठेवा, वायर हलू देऊ नका. मीटरवर इंटिग्रेशन, म्हणजे एका रीडिंगसाठी सरासरी घ्यायचा वेळ, मेन्सच्या १० सायकल किंवा जास्त ठेवा, ५० हर्ट्झला एक सायकल म्हणजे २० मिलिसेकंद. एकदा सरळ रीडिंग घ्या, मग मीटरकडचे प्लग तसेच ठेवून सोर्सकडची टोकं उलटी लावून परत घ्या. पहिल्यातून दुसरं चिन्हासकट वजा करून निम्मं करा, मीटर आणि लीडचा स्थिर ऑफसेट निघून जातो.

आणि एक नक्की पाळा भावांनो, असल्या उघड्या तांब्याच्या लीड फक्त कमी व्होल्टेजच्या टेबलकामाला. मेन्सवर, पॅनलवर किंवा सोलरच्या डीसी लाइनवर त्या लावायच्याच नाहीत. तिथं त्या जागेला योग्य अशा कॅट रेटिंगच्या (कुठल्या प्रकारच्या लाइनवर वापरणं सुरक्षित ते सांगणारा सुरक्षेचा दर्जा), झाकलेल्या प्लगच्या लीडच वापरायच्या, आणि दोन्ही जोड्या वेगवेगळ्या पाकिटात नाव लिहून ठेवायच्या, म्हणजे घाईत दुसरा कोणी चुकीची उचलणार नाही.