बाटलीतल्या पास्ता सॉसला घरचा हात

पाहुणे संध्याकाळी सातला येणार असतील तर सॉसची बाटली सकाळीच उघडा. चमचाभर सॉस कोमट करा आणि नुसता चाखा, ब्रेडबरोबर नको. फ्रिजमधल्या गार सॉसची खरी चव जिभेला लागत नाही. आंबटढाण आहे, गुळचट आहे, कच्चट आहे की नुसताच मिळमिळीत, एवढं आधी ठरवा. हे न ठरवता साखर, चिली फ्लेक्स, चीज असं एकेक ढकलत गेलं की शेवटी बिनसलं कशाने तेच कळत नाही.

लेबलही वाचून ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाणी, टोमॅटो पेस्ट आणि लगेच साखर असा क्रम दिसला तर ताज्या टोमॅटोची भर आपल्यालाच घालायची आहे. घटकांत नुसते आकडेही दिसतात: 1422 म्हणजे घट्टपणासाठीचा स्टार्च, 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड. तो आंबटपणा उगाच नसतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6च्या खाली राहिला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू बाटलीत वाढू शकत नाहीत. टिकण्यासाठी ते हवंच, पण ताटात आल्यावर दात आंबतात.

मग बाजार. लासलगाव-पिंपळगावच्या नाशिक जिल्ह्यात राहून कांदा यादीत काय लिहायचा! 400 ग्रॅमच्या बाटलीला एक मध्यम कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या आणि तीन टोमॅटो पुरतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर टोमॅटोची आवक जोरात असते, तेव्हा पिकून लालभडक झालेले, देठापाशी हिरवट नसलेले निवडून घ्या. मिक्सर मात्र काढू नका, त्यात हवा भरून रस फिकट गुलाबी होतो. टोमॅटो आडवा अर्धा कापा आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर दाबून घासा. गर ताटलीत पडतो आणि साल तळहाताशी कागदासारखी उरते.

बेसिल कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत मिळते. नाही मिळाली तर अंगणातली तुळस तोडू नका, तिचा लवंगेकडे झुकणारा उग्र वास सॉसवर स्वार होतो. चीज घेताना घरात कोण काय खातं ते बघा. अस्सल पार्मेझान वासराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या, दूध फाडणाऱ्या विरजणाने) बनतं, त्यामुळे कट्टर शाकाहाऱ्यांसाठी हिरवा ठिपका पाहूनच घ्या. आणि वाइन? नाशकात राहून हा मोह होणारच. अर्धी वाटी शिराझ छान लागते, पण ‘अल्कोहोल उडून जातं’ यावर विसंबू नका. पंधरा मिनिटं मंद आचेवर शिजवूनही सुमारे 40 टक्के उरतं. पोरं जेवायला असतील तर बाटली बाजूला ठेवा.

खरी दुरुस्ती सॉस ओतण्याआधीच होते. कढईत दोन मोठे चमचे तेल घ्या, ऑलिव्हचं असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. कांदा अगदी बारीक चिरा आणि चिमूटभर मीठ टाकून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. घाई केली की कडा जळतात आणि आत कच्चा राहतो. लसूण नंतर घाला, आधी नाही, नाहीतर करपून कडू होतो. आता किसलेला टोमॅटो. रस आटून कडेने तेल सुटायला लागलं, रंग गडद झाला की मगच बाटली रिकामी करा. कच्चटपणा इथेच जातो. नंतर कितीही उकळलं तरी हे साधत नाही. मिळमिळीत सॉससाठी बटण मशरूम वेगळे कोरडे परतून ठेवा किंवा अर्धा चमचा सोया सॉस घाला, पण मग मीठ हात राखून.

आंबटपणावर साखर घालू नका, ती फक्त झाकते. चहाच्या चमच्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही, खाण्याचा सोडा टाका. फेस येतो, बसला की चाखा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि मग इलाज नाही. क्रीम घालायचं असेल तर या सोड्यानंतर, आच बंद करून. आंबट आणि उकळत्या सॉसमध्ये ते फाटतं.

पास्त्याला मोठं पातेलं, दर 100 ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ, सॉस खारट असेल तर त्याहून कमी. पाकिटावरची मिनिटं घड्याळात पाहत बसू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पास्त्याला थोडा जास्त वेळ लागतो. एक तुकडा दाताखाली तोडून बघा, मधोमध कच्चा ठिपका दिसत असतानाच उपसा आणि उरलेलं सॉसमध्ये शिजू द्या. पण उपसण्याआधी ते ढगाळ पाणी वाटीभर काढून ठेवा. ही वाटी चाळणीशेजारीच हवी, कारण पाणी सिंकमध्ये ओतून झाल्यावरच ती आठवते. सॉस घट्ट वाटला तर साधं पाणी न घालता हेच घाला, त्यातल्या स्टार्चने तेल आणि सॉस एकजीव होतात.

उरलेला सॉस परत बाटलीत भरून कपाटात ठेवू नका. सोडा, कांदा, लसूण पडल्यावर तो आता पूर्वीइतका आंबट राहिलेला नाही. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा.