डोळे इकडून तिकडं फिरवून धडधड कशी कमी करायची: घरी काय करायचं आणि काय करायचं नाही

पुण्याहून सोलापूरला येताना टेंभुर्णीच्या अलीकडे आमच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं त्याला तीन वर्षं झाली. कुणाला फार लागलं नाही, पण त्यानंतर मागून मोठा हॉर्न ऐकू आला की माझे हातपाय गार पडायचे, छातीत धडधड व्हायची, सात रस्ता चौकात गाडी थांबली तरी मान सारखी मागे वळायची. घरचे म्हणायचे, अगं काही झालं नाही ना, विसर आता. विसरता येत असतं तर कधीच विसरले असते. शेवटी एका थेरपिस्ट मॅडमकडे ईएमडीआर नावाची, डोळे फिरवत करायची थेरपी सुरू केली, काही वेळा पुण्याला जाऊन, काही वेळा ऑनलाइन. आता मैत्रिणी विचारायलेत की ते डोळ्याचं काय असतंय, आम्हाला घरी करता येईल का, म्हणून सगळं नीट लिहिते.

ईएमडीआर म्हणजे आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो 1987 मधे एका बागेत चालत होत्या, मनात त्रासदायक विचार होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की डोळे आपोआप इकडेतिकडे फिरतायत आणि विचाराची धार कमी होतेय. 1989 मधे त्यांनी त्यावरचा पहिला अभ्यास छापला. पुढे 2013 मधे जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या आघातानंतरच्या त्रासासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, ही थेरपी सुचवली. साध्या रोजच्या चिंतेसाठी मात्र पुरावा तेवढा भक्कम नाही, तिथे सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी पुढे आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती यावरही तज्ज्ञांचे वाद आहेत. मला पटलेलं कारण असं की आपल्या डोक्यात एका वेळी धरून ठेवायची जागा थोडीच असते, त्यात आठवण पण धरायची आणि थेरपिस्टचं हलणारं बोट पण बघायचं म्हटलं की आठवणीचं चित्र फिकं पडतं, आणि ते तसंच फिकं परत साठवलं जातं.

आधी छातीत दुखणं, धाप लागणं असेल तर डॉक्टरला दाखवा, थायरॉईड आणि रक्त तपासून घ्या. सगळं टेन्शनवर ढकलू नका.

आता घरचं. पहिल्यांदा आकडा. शून्य म्हणजे एकदम शांत, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर आत्ता मी कितीवर आहे ते वहीत लिहायचं. थेरपिस्ट पण हेच विचारतात. आकडा सातच्या वर असेल तर डोळ्यांचं काही करू नका, आधी पाय जमिनीवर टेकवा आणि आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज मोठ्याने म्हणा, तेवढ्याने बऱ्याचदा खाली येतो.

मग शांत जागा. ही पायरी लोक घाईत सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. डोळे मिटून एक अशी जागा आठवायची जिथे तुम्हाला खरंच बरं वाटलेलं आहे. माझी जागा सिद्धेश्वर तलावाचा काठ, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी नसतानाची पहाट, पाण्यावरून येणारा गार वारा, देवळातली घंटा, ओल्या दगडाचा तळपायाला लागणारा स्पर्श. दिसतं काय, ऐकू काय येतं, वास कसला, अंगाला काय लागतं, हे सगळं एकेक करून आणायचं. तुमची जागा कुठलीही चालेल, आजीचं स्वयंपाकघर पण, फक्त त्या जागेशी एखादं भांडण किंवा कुणाचं जाणं जोडलेलं नको.

ती जागा डोळ्यासमोर असतानाच फुलपाखराची मिठी. हे मेक्सिकोतल्या लुसीना आर्तिगास यांनी काढलं, 1997 च्या वादळानंतर आकापुल्कोतल्या मुलांसोबत काम करताना. हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे, दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवायचे, बोटं गळ्याखालच्या हाडाच्या जरा खाली येतील अशी, आणि डावा उजवा डावा उजवा असं हळू थोपटायचं. आठ-दहा वेळा थोपटलं की थांबून एक मोठा श्वास. बरं वाटत असेल तरच परत. हळू आणि थोडंच करायचं हे लक्षात ठेवा, जोरात आणि खूप वेळ केलं की नको त्या आठवणी वर यायला लागतात, माझं एकदा तसं झालंय आणि पूर्ण दुपार वाईट गेली.

डोळ्यांचं यानंतर. समोरच्या भिंतीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक खूण धरा, मान हलवायची नाही, नुसते डोळे या खुणेवरून त्या खुणेवर. एका सेकंदात साधारण एक फेरी, अशा वीसेक फेऱ्या. वेग धरायला मला माझ्या आजोबांचा हातमाग कामाला येतो, पूर्व भागातल्या आमच्या घरी मी लहानपणी शेजारी बसून धोटा बघत बसायचे, इकडून तिकडं, तिकडून इकडं, मॅडमनी पहिल्यांदा बोटं फिरवली तेव्हा तेच आठवलं. मनात फक्त छोटी काळजी घ्यायची, तीन-चार आकड्याची, उद्या साहेबांशी बोलायचंय, पाहुणे यायच्या दिवशीच नळाला पाणी नाही, असली. फेऱ्या झाल्या की थांबा, श्वास घ्या, मनात काय आलं ते नुसतं बघा, परत आकडा लिहा. तीन-चार वेळा करून बास. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. डोळे दुखले, चक्कर आली, आकडा वर गेला तर तिथेच बंद करून शांत जागेवर परत या. फिट येत असेल किंवा डोळ्याचा काही आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नका.

शेवटी जे उरलं असेल ते मनातल्या मनात एका डब्यात घालायचं. मी आमच्या माळ्यावरची लोखंडी पेटी घेते, कुलूप लावते आणि सांगते की सोमवारी मॅडमसमोर उघडू.

अपघात, मारहाण, लहानपणचा अत्याचार, कुणाचा मृत्यू, हे घरी एकट्याने डोळे फिरवत उघडायचं नाही. व्हिडिओ बघून पण नाही. खऱ्या ईएमडीआरला आठ टप्पे असतात, एक बैठक तास-दीड तासाची, आणि डोळे फिरवण्याआधी मॅडमनी दोन बैठका तर नुसतं माझं सगळं ऐकून घेण्यात आणि मला सावरायचं कसं ते शिकवण्यात घालवल्या. मग चित्र कुठलं, त्यातून स्वतःबद्दल काय वाटतं, अंगात कुठे जाणवतं हे विचारलं. माझं वाक्य होतं 'मी कधीच सुरक्षित नाही'. मधेच मी इतकी रडले की समोर कुणी नसतं तर मला परत येता आलं नसतं.

थेरपिस्ट शोधताना सरळ विचारा, ईएमडीआरचं ट्रेनिंग कुठून घेतलं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं. पहिल्याच दिवशी बोटं फिरवायला लागणारा माणूस मी तरी टाळेन. पैशाची अडचण असेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत आधी दाखवा, औषध लागलं तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं, जगू नये असं वाटलं तर 14416 ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ती वही मी प्रत्येक बैठकीला नेत होते. पहिल्या पानावर हॉर्नसमोर नऊ लिहिलंय. गेल्या महिन्यात टेंभुर्णीवरून पुण्याला जाऊन आलो, मागे ट्रक होता, आणि मी तीन लिहिलं.