बाप पितो आणि कोर्टाने भेट दिलीय, पोराला नेताना काय करायचं

माझी पोरगी सहाची असताना महिन्यातून दोन शनिवार फॅमिली कोर्टात बापाला भेटायची. चार-पाच भेटींनंतर मला कळलं की तिला बाबाची भीती नाहीये, आज कुठला बाबा येणार याची आहे, पिऊन आलेला की न पिता आलेला.

तर पहिलं म्हणजे आदल्या रात्री सगळं सांगून ठेवा. कुठल्या खोलीत बसायचं, तिथे कोण असणार, किती वेळ, आणि संपलं की काय (आमचं वडापाव ठरलेलं). मधेच नको वाटलं तर कसं सांगायचं तेही ठरवा, आमचा कोड होता "पाणी हवंय". परत येताना रिक्षात उलटतपासणी अजिबात नको, मी केलीय म्हणून सांगते, "वास येत होता का गं" असं दोनदा विचारलं आणि पुढच्या शनिवारी सकाळपासून तिचं पोट दुखायला लागलं.

आता अर्जाचं. "तो दारुडा आहे, भेट नको" एवढंच लिहिलं की नुसते आरोप-प्रत्यारोप आणि तारखा. त्यापेक्षा वकिलांना सांगून अटी मागा: भेट कोर्टाच्या आवारातच, काउन्सेलर मॅडमसमोर, पिऊन आला तर त्या दिवशीची भेट रद्द, उपचार चालू असतील तर त्याचे कागद दर तारखेला. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम ११ वाचून जा, दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते, हे मला दीड वर्षाने कळलं, तोवर भरल्या कोर्टात सगळं घरचं निघत होतं. कलम १२ खाली कोर्ट डॉक्टरची मदतही घेऊ शकतं. मूल समजतं असेल तर त्याची पसंती कोर्ट बघू शकतं (१८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टचं कलम १७), पण म्हणून घरी पाठांतर करून घेऊ नका, काउन्सेलरला दोन मिनिटांत कळतं.

आणि हो, सकाळी त्याचे हात थरथरतायत म्हणजे पिऊनच आलाय असं नसतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तरी हात कापतात, घाम सुटतो, फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून "उद्यापासून सोडतो" असं लिहून घेण्यात अर्थ नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायला सांगा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे, फुकट, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. राग बाजूला ठेवून हे करणं जड जातं, मलाही गेलं.

तो कोड पोरीने एकदाच वापरला, पाण्याची बाटली तिच्या हातातच होती. काउन्सेलर मॅडमना मी आधी सांगून ठेवलेलं, त्या काही न विचारता उठल्या आणि तिला बाहेर घेऊन आल्या.