खडीवर सोडलेली हवा डांबरावर नेमकी कशी भराल

जंगलातल्या खडीच्या उतारावर टायर कडक असला की सायकल उडते, पकड सुटते. म्हणून हवा सोडायची. पण पुढे डांबरी चढ लागला की परत किती भरायची? सोबतच्या छोट्या पंपाला बहुतेकदा मीटर नसतो.

घरीच एकदा मोजा. मीटरच्या पंपाने खडीपुरती हवा भरा. ४० मिमी टायरला मी ३० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवतो. अंगठ्याने दाबून तो नरमपणा लक्षात ठेवा, वाटेत तेवढीच हवा सोडायची. मग छोट्या पंपाने डांबरासाठी ४५ पर्यंत न्या, किती पंप मारले ते मोजत; ४५ झाले का ते मीटरच्या पंपावर बघा. आकडा चिकटपट्टीवर लिहून पंपालाच लावा.

टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. ट्यूब असेल तर दगडावर आपटून रिमखाली चिमटते.