बाहेर जायचंय, पण एजंट धरावा का?

मडगाव, म्हापशात फिरलात तर परदेशी पाठवणाऱ्या एजंटांचे बोर्ड ढीगभर दिसतील, पण आधी आपली केस कसली आहे ते बघा. कॅनडात कायमचं राहायला जाण्याचा, म्हणजे एक्सप्रेस एंट्रीचा फॉर्म सरळ सरकारी साइटवर आपला आपण भरता येतो, कागद नीट असतील आणि इंग्लिश वाचता येत असेल तर एजंटची गरजच नाही. एजंट लावला म्हणून फाइल लवकर सुटत नाही, हे खरंच लक्षात ठेवा.

पोर्तुगीज पासपोर्टचं मात्र वेगळं आहे. तो मागायचा पोर्तुगीज काळात, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होण्याआधी जन्मलेल्या आजोबांच्या कागदांवर, आणि त्यांचं नाव जन्मदाखल्यात एक, लग्नाच्या दाखल्यात दुसरं, असं आपल्याकडे घरोघरी असतं, तिथे जाणकार वकिलाला पैसे दिलेले वसूल होतात.

गल्फला कामाला जाणाऱ्यांनी ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर तपासायचा, त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, लाखभर मागितले की उठायचं. बोटीवर जाणाऱ्या पोरांनो, तुमच्या एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल (बोटीवर माणसं भरती करायचं) लायसन्स हवं आणि नोकरी लावायचे पैसे तो घेऊच शकत नाही, तरी घरचं सोनं गहाण ठेवून पैसे देतात लोक, जीव तुटतो बघून.

कॅनडासाठी सल्लागार घ्यायचाच झाला तर तो आरसीआयसी, म्हणजे तिथला लायसन्सवाला सल्लागार आहे का ते त्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कॉलेज’ नावाच्या संस्थेच्या यादीत शोधा, ऑस्ट्रेलियासाठी मारा नंबर, म्हणजे तिथला एजंटचा नोंदणी नंबर विचारा. पैशांची पावती घ्या, फॉर्मची कॉपी घ्या, लॉगिनचा पासवर्ड आपल्याकडेच ठेवा. खोटा अनुभव दाखवूया म्हणाला तर तिथेच थांबा, कारण बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.