पहिलं मेंटेनन्स रिलीज: पॅरलल रेंडरिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पॅरलल रेंडरिंगच्या प्रोजेक्टमध्ये मी रुजू झालो तेव्हा माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते मेंटेनन्स रिलीजचं. नवं फीचर एकही नाही, आवृत्तीच्या क्रमांकातला फक्त शेवटचा अंक एकाने वाढणार. बाकीच्यांकडे नवे अल्गोरिदम आणि माझ्याकडे बगांची यादी, म्हणून मी हिरमुसलो होतो. आता या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या कोणीही विचारलं, तर मी हेच काम मागून घ्यायला सांगतो. का, ते एका बगावरून सांगतो; पण आधी थोडी पूर्वतयारी.

एकच दृश्य अनेक जीपीयूंमध्ये किंवा नेटवर्कने जोडलेल्या अनेक मशीनमध्ये वाटून काढायचं, हा सगळा विषय. वाटणी कशी करायची याचं वर्गीकरण मोल्नर, कॉक्स, एल्सवर्थ आणि फुक्स यांनी १९९४ साली एका शोधनिबंधात मांडलं आणि तीच नावं आजही चालतात. सॉर्ट-फर्स्टमध्ये स्क्रीनचे तुकडे पाडून प्रत्येक नोडला, म्हणजे वाटणीतल्या प्रत्येक जीपीयूला किंवा मशीनला, एकेक देतात. सॉर्ट-लास्टमध्ये डेटाचे तुकडे पाडतात. प्रत्येक नोड आपल्या वाट्याच्या डेटाचं पूर्ण आकाराचं चित्र काढतो आणि शेवटी कुठला पिक्सेल जवळचा हे डेप्थवरून, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावरून, ठरवून चित्रं एकत्र करतात. सॉर्ट-मिडल हा तिसरा प्रकार सुरुवातीला बाजूला ठेवलात तरी चालेल.

निबंध वाचून झाला की सॉर्ट-लास्टचा एक हिशोब कागदावर स्वतः करा. १९२० बाय १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकाला रंगाचे ४ बाइट आणि डेप्थचे ४, म्हणजे एका नोडकडून एका फ्रेमला साधारण १६.६ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर जवळजवळ १ जीबी. गिगाबिट इथरनेटवरून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. हा आकडा एकदा डोक्यात बसला की कॉम्प्रेशन कशाला, चित्राचा फक्त भरलेला चौकोनच का पाठवायचा, हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता तो बग, सॉर्ट-फर्स्टमधला. रिपोर्ट एका ओळीचा होता: तीन नोडवर चालवलं की चित्रात केसाएवढी उभी रेघ दिसते. मॉडेल फिरवलं तरी रेघ जागची हलत नाही. दोन नोडवर दिसत नाही, चारवरही नाही. मी पहिला आठवडा ड्रायव्हर आणि फ्रेम सिंक्रोनायझेशन यांच्या मागे घालवला. मग स्क्रीनशॉट मोठा करून कॉलम मोजले. विंडो १२८० पिक्सेल रुंद होती आणि रेघ शून्यापासून मोजली तर बरोबर ८५२ व्या कॉलमवर.

कोडमध्ये प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि रुंदी स्वतंत्रपणे काढली होती, आणि दोन्ही ठिकाणी अपूर्णांक छाटला जात होता. १२८० चा तिसरा हिस्सा ४२६.६७, छाटून ४२६. दुसरा तुकडा ४२६ पासून सुरू होऊन ८५१ ला संपतो. तिसरा ८५३ पासून सुरू होतो. मधला कॉलम कोणाच्याच वाट्याला येत नाही. उजव्या कडेचा १२७९ वा कॉलमही तसाच सुटत होता, पण तो अगदी कडेला असल्यामुळे कोणाच्या नजरेत आला नव्हता. उपाय सोपा: रुंदी काढायचीच नाही. कडा काढायच्या, त्या राउंड करायच्या आणि दोन कडांमधलं अंतर म्हणजे रुंदी. कडा ०, ४२७, ८५३, १२८०. तुकडे ४२७, ४२६, ४२७.

एवढं करून मी खूश झालो, पण सांध्यावरच्या तिरक्या रेषा आता किंचित तुटलेल्या दिसायला लागल्या. व्ह्यूपोर्ट (चित्र विंडोच्या ज्या भागात काढायचं तो चौकोन) राउंड केलेल्या कडांवरून निघत होता आणि कॅमेऱ्याचा फ्रस्टम (कॅमेऱ्याला दृश्याचा जेवढा भाग दिसतो तो) मात्र जुन्या अपूर्णांकांवरून, त्यामुळे चित्र पिक्सेलच्या एखाद्या अंशाने सरकत होतं. दोन्ही एकाच कडांवरून काढल्यावर ते जुळलं. पाठ्यपुस्तकातून मी प्रोजेक्शन मॅट्रिक्स शिकलो होतो. ते कळलं इथे.

इतकी वर्षं टेस्टमध्ये हे का सापडलं नाही? कारण सगळ्या टेस्ट दोन किंवा चार तुकड्यांच्या आणि रुंदी नेहमी सम भाग जाणारी. तेव्हापासून मी टेस्टची विंडो ६४१ पिक्सेलची ठेवतो. ही मूळ संख्या आहे, त्यामुळे वाटणीतला प्रत्येक गोंधळ उघडा पडतो. एकाच नोडवर काढलेलं चित्र आणि वाटून काढलेलं चित्र पिक्सेलला पिक्सेल लावून बघायचं. यासाठी क्लस्टर लागत नाही. एकाच मशीनवर अनेक प्रोसेस चालवा; जीपीयू नसेल तर मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीचा, सीपीयूवर चालणारा सॉफ्टवेअर रेंडरर आहेच.

दुरुस्तीच्या जोडीला मी एका पब्लिक क्लासमध्ये एक व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं होतं. रिव्ह्यूमध्ये आमच्या मेंटेनर मॅडमनी लिहिलं, "हे काढ. जुन्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर तसाच चालला पाहिजे." व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं की क्लासच्या फंक्शन टेबलची मांडणी बदलते आणि जुना प्रोग्राम भलतंच फंक्शन बोलावून बसतो. पॅरलल रेंडरिंगमध्ये याला आणखी एक पदर आहे: नोडनोडमध्ये जाणारे मेसेज. एखाद्या मशीनवर जुनी आवृत्ती राहून गेली आणि मेसेजमध्ये एक फील्ड वाढलं असेल, तर पुढचे सगळे बाइट चुकीचे वाचले जातात. मेंटेनन्स रिलीजमध्ये मेसेजच्या रचनेला हात लावायचा नाही.

दुसरा मोठा बग थ्रेडचा होता: नेटवर्कचा थ्रेड चित्र पाठवत असतानाच रेंडरिंगचा थ्रेड तोच बफर पुढच्या फ्रेमसाठी वापरायला घ्यायचा. प्रिंटची ओळ टाकली की बग गायब. अशा वेळी प्रिंट सोडा आणि थ्रेड सॅनिटायझर लावा. प्रोग्राम खूप हळू चालतो, पण दोन थ्रेड नेमके कुठल्या ओळींवर भिडतात ते दाखवतो.

रिलीज नोट्समध्ये मी लिहिलं होतं, "व्ह्यूपोर्टमधलं राउंडिंग दुरुस्त केलं." मॅडमनी ते बदलून घेतलं: "विंडोची रुंदी तुकड्यांच्या संख्येने नीट भागत नसल्यास दिसणारी उभी रेघ आता दिसत नाही." वापरणाऱ्याला रेघ माहीत असते, राउंडिंग नाही. प्रत्येक दुरुस्तीची अशी ओळ त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याभराने लक्षणं आठवत नाहीत.

रिलीज झालं आणि काही महिन्यांनी पुढची मोठी आवृत्ती आली. तिच्यात तीच रेघ परत, त्याच कॉलमवर. मी दुरुस्ती फक्त मेंटेनन्सच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) केली होती, मुख्य ब्रँचवर न्यायची राहून गेली होती. आता मी आधी मुख्य ब्रँचवर दुरुस्त करतो, ६४१ ची टेस्टही तिथेच टाकतो आणि मग दोन्ही कमिट चेरी-पिक करून, म्हणजे तेवढेच बदल उचलून, मागच्या आवृत्तीवर आणतो, मूळ कमिटचा हॅश मेसेजमध्ये ठेवून.