खोल प्रवाळभित्तीवरील नव्या लाल शैवालाचे शास्त्रीय वर्णन कसे करावे

सुमारे ३० ते १५० मीटर खोलीवरच्या प्रवाळभित्तींपर्यंत अंधूक निळसर प्रकाशच पोहोचतो आणि फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे तो टिपू शकणारी लाल शैवाले तिथे चांगली तग धरतात. बहामाजवळ तर १९८४ मध्ये २६८ मीटर खोलीवर खडकाला पापुद्र्यासारखे चिकटलेले लाल शैवाल आढळले होते. इतक्या खोलवरचा नमुना पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. म्हणून वर्णनाचे निम्मे काम तो बोटीवर आल्यानंतरच्या पहिल्या तासातच साधावे लागते.

नमुना सावलीत, थंड समुद्रपाण्यात ठेवावा आणि ओला असतानाच मोजपट्टीसह त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण काही प्रजातींच्या अंगावरची निळी-जांभळी झळाळी वाळल्यावर नाहीशी होते. मग लगेच एक लहान, स्वच्छ तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) टाकावा. दुसरा तुकडा समुद्रपाण्यात मिसळलेल्या ४ ते ५ टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. हा क्रम उलटू नये, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. उरलेला भाग, शक्यतो खडकाला धरणाऱ्या बुडख्यासकट, हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाच्या) कागदावर चढवावा आणि तिन्हींना एकच क्रमांक द्यावा. कागदावर चढवताना पसरट ट्रेमध्ये नमुना तरंगत ठेवून त्याखाली कागद सरकवावा, मऊ कुंचल्याने फांद्या एकमेकींपासून सोडवाव्यात आणि कागद एका कडेने हळूहळू उचलावा, म्हणजे पाणी ओघळून जाते व फांद्या जागच्या जागी राहतात.

प्रयोगशाळेत ब्लेडने पातळ काप घेऊन ते अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवावेत. बाहेरच्या रंगीत पेशींचे थर किती, आतल्या रंगहीन पेशी केवढ्या, हे अनेक ठिकाणी मोजून लिहावे. मात्र खरा कस प्रजननाच्या अवयवांत लागतो. मादी नमुन्यातील फलनाच्या आधीच्या आणि नंतरच्या अवस्था चिकाटीने शोधाव्यात. चार बीजाणूंची मांडणी आडव्या पट्ट्यांसारखी, अधिकच्या चिन्हासारखी की चतुष्फलकासारखी, हेही नोंदवावे. एकाच प्रजातीच्या अवस्था कधी कधी ओळखू येणार नाहीत इतक्या वेगळ्या दिसतात: शिंपल्यांत वाढणारे कॉन्कोसेलिस ही पोर्फायरा या लाल शैवालाचीच एक अवस्था आहे, हे शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवेपर्यंत ते निराळे शैवाल मानले जात होते.

आरबीसीएल आणि सीओआय या जनुकांचे अनुक्रम जवळच्या प्रजातींशी ताडून पाहावेत. परंतु जनुकीय संग्रहात जुळणारा अनुक्रम नाही, एवढ्यावर प्रजाती नवी ठरवणे हा उतावळेपणा होय, कारण शतकापूर्वी नाव मिळालेल्या कित्येक शैवालांचा डीएनए कुणी तपासलेलाच नसतो. अशा नावांचे मूळ नमुने हर्बेरियममधून पाहण्यासाठी मागवावेत. या कामात महिने जातात, आणि ते जायलाच हवेत.

नाव ठरवताना त्याच गणात (जीनसमध्ये) आधी ते वापरलेले नाही ना, हे अल्गीबेस या शैवालांच्या ऑनलाइन माहितीसंग्रहावर तपासावे आणि विशेषणरूपी प्रजातिनामाचे लिंग गणाच्या नावाशी जुळवावे. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा भेददर्शक टिपण (जवळच्या प्रजातींपासूनचा वेगळेपणा सांगणारे) लॅटिन अथवा इंग्रजीत चालते; सोबत चित्र, एक निश्चित होलोटाइप (नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना) आणि तो ठेवलेल्या हर्बेरियमचे नाव अनिवार्य आहे. होलोटाइपच्या लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख आणि पाणबुड्याच्या खोलीमापकावरचा नेमका आकडा लिहावा.